पिढ्यांचे दुखणे वाचणाऱ्या शास्त्रज्ञ : डॉ. कमल रणदिवे

(द्वितीय वर्ष कला)

मी कला शाखेची विद्यार्थिनी. शास्त्र विषयाशी माझा संबंध दहावीलाच सुटला. तरीही या अंकासाठी मी एका शास्त्रज्ञ बाईंचे चरित्र लिहायला घेतले आहे, याचे माझ्या वर्गमैत्रिणींना नवल वाटेल. म्हणून त्याचे कारण आधी सांगते.

आमचे घर मैंदर्गीला. अक्कलकोट तालुक्यातले, कर्नाटकच्या सीमेला टेकलेले हे गाव. घरात आम्ही कन्नड बोलतो आणि शाळा मराठीत शिकतो. आईला मी अव्वा म्हणते. अव्वाची आई, म्हणजे माझी अज्जी, मी पाचवीत असताना गेली. तिच्या पोटात पाणी झाले होते. पोट दिवस भरलेल्या बाईसारखे दिसे आणि हातपाय काड्यांसारखे. तिची थोरली बहीणही अशीच गेली होती म्हणे. त्या घराण्यातल्या लेकींना कुणाचा तरी तळतळाट लागला आहे, असे गल्लीतल्या बायका बोलत. तीन वर्षांपूर्वी माझ्या मावशीचे पोट फुगू लागले, तेव्हा घरात कुणी काही बोलले नाही; पण सर्वांच्या मनात तेच आले.

पहिल्या डॉक्टरांनी चार महिने गॅसच्या गोळ्या दिल्या. दोन घास खाल्ले की मावशीचे पोट भरे, लघवीला सारखे जावे लागे. शेवटी मोठ्या दवाखान्यात नेले तेव्हा अंडाशयाचा कर्करोग निघाला. शस्त्रक्रिया झाली, औषधांच्या बाटल्या चढल्या, डोक्यावरचे केस गेले. तिथल्या डॉक्टरीण बाईंनी विचारले, घरात आणखी कुणाला असा आजार झाला होता का? मावशी नाही म्हणाली. लाजेने म्हणाली. अव्वा तिच्या उशाशी उभी होती, तिने मात्र अज्जीचे आणि अज्जीच्या बहिणीचे सांगून टाकले. मग मावशीचे रक्त वेगळ्या तपासणीला गेले. तिच्या एका जनुकात जन्मजात दोष आहे, आणि तिच्या प्रत्येक सख्ख्या भावंडाला तोच दोष असण्याची शक्यता निम्मी आहे, असा अहवाल आला. तो कागद घरी आला आणि अव्वाच्या पेटीत तळाला गेला. पुढे कितीतरी महिने तो कुणी वर काढला नाही.

गेल्या वर्षी २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनासाठी आमच्या मॅडमनी भित्तिपत्रक काढायचे ठरवले. कला शाखेच्या मुलींनीही त्यात लिहावे असा त्यांचा आग्रह. भारतीय स्त्री शास्त्रज्ञांची नावे चिठ्ठ्यांवर लिहिली होती. माझ्या चिठ्ठीवर नाव निघाले डॉ. कमल रणदिवे. हे नाव मी तोपर्यंत ऐकलेही नव्हते. ग्रंथालयात बसून त्यांच्याविषयी वाचू लागले आणि पहिल्याच पानावर थबकले. स्तनाचा कर्करोग आणि आनुवंशिकता यांचा संबंध आपल्या देशात ज्यांनी फार लवकर ओळखला, त्यांत या बाईंचे नाव होते.

कमलताईंचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात झाला. माहेरचे आडनाव समर्थ. वडील दिनकरराव समर्थ फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवीत. मुलींना शिकवायचे की नाही, हा प्रश्नच त्या घरात नव्हता. शाळा हुजूरपागेची. कमलने डॉक्टर व्हावे आणि डॉक्टराशीच लग्न करावे, अशी वडिलांची इच्छा होती. मुलीने मात्र फर्ग्युसनमध्ये वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र घेतले, विशेष प्रावीण्यासह पदवी मिळवली, आणि पुढे पेशींच्या अभ्यासाकडे वळली. तो वडिलांच्याच आवडीचा विषय होता.

मी घरातली पहिली पदवीपर्यंत आलेली मुलगी आहे. त्यामुळे प्राध्यापकांच्या घरातल्या या मुलीविषयी वाचताना आधी थोडा हेवाच वाटला. परंतु पुढचे वाचले आणि तो विरला. १३ मे १९३९ रोजी त्यांचा विवाह गणितज्ञ ज. त्र्यं. रणदिवे यांच्याशी झाला आणि त्या मुंबईला गेल्या. आमच्याकडे लग्नाबरोबर मुलीच्या वह्या रद्दीत जातात. कमलताईंची एम.एस्सी. १९४३ साली, म्हणजे लग्नानंतर चार वर्षांनी झाली, आणि तीही पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून. विषय होता सीताफळ-रामफळाच्या कुळातील झाडांच्या पेशींमधली गुणसूत्रे. या अभ्यासात पतीची त्यांना मोठी साथ मिळाली. सीताफळे आपल्या भागात बांधाबांधावर आहेत. त्याच्या एका पेशीत आईबापांकडून आलेला सगळा हिशेब लिहिलेला असतो, हे मला या निमित्ताने प्रथम कळले.

मुंबईत टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले होते. तेथील प्रयोगशाळांचे प्रमुख होते डॉ. वसंत रामजी खानोलकर. भारतातील विकृतिशास्त्राचे जनक म्हणून त्यांना ओळखतात. एकाच शहरात राहणाऱ्या निरनिराळ्या समाजांत कर्करोग निरनिराळ्या जागी का होतो, हा प्रश्न त्यांना सतावीत असे. मुंबईतल्या पारशी स्त्रियांत स्तनाचा कर्करोग जास्त आणि गर्भाशयमुखाचा कमी. इतर कित्येक समाजांत नेमके उलटे. हे रक्तातून येते की राहणीतून? आपापसांतच लग्ने करणाऱ्या मुंबईतल्या सहा समाजांत आनुवंशिक लक्षणे कशी वाटली गेली आहेत, याचाही अभ्यास त्यांनी डॉ. ल. द. संघवी यांच्यासह केला. अशा गुरूच्या हाताखाली कमलताई आल्या. १९४९ साली मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. त्यांना मिळाली.

त्यांच्या कामातले मुख्य पात्र होते उंदीर. उंदरांच्या काही जाती पिढ्यान् पिढ्या आपापसांतच वाढवलेल्या असतात. त्यातल्या काही जातींत बहुतेक माद्यांना स्तनाचा कर्करोग होतो, काहींत क्वचितच होतो. कमलताईंनी खानोलकरांसह अशा चार जातींच्या निरोगी स्तनग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली एकमेकींशेजारी ठेवून पाहिल्या. रोग होण्याआधीच त्या घराण्याच्या अंगात काही वेगळे दिसते का, हे त्या शोधत होत्या. आजारी उंदीर सगळेच पाहतात. त्यांनी अजून आजारी न पडलेल्या मुली पाहिल्या. हे वाचताना मला माझीच आठवण झाली.

परंतु येथे एक गंमत आहे, ती सांगितलीच पाहिजे. १९३६ साली जॉन बिटनर या अमेरिकन शास्त्रज्ञाने दाखवले होते की, कर्करोगी जातीची पिल्ले जन्मताच दुसऱ्या जातीच्या आईला पाजायला दिली, तर त्यांच्यात रोग पुष्कळ कमी होतो. म्हणजे आईकडून मुलीकडे जाणारी गोष्ट तिच्या दुधातूनही जात होती. तो पुढे एक विषाणू निघाला. घराण्यात चालत आलेले सगळेच रक्तातून येते असे नाही. काही दुधातून येते, काही सवयीतून, काही एका चुलीच्या धुरातून. हे धागे एकमेकांत गुंतलेले असतात आणि ते वेगवेगळे करून पाहावे लागतात. आनुवंशिकता, शरीरातली संप्रेरके आणि विषाणू यांचा एकमेकांशी संबंध काय, हाच कमलताईंच्या पुढच्या कितीतरी वर्षांच्या कामाचा गाभा ठरला. तळतळाट या एका शब्दात आमची गल्ली जे गुंडाळून टाकत होती, त्याचे त्यांनी तीन धागे केले.

पीएच.डी.नंतर खानोलकरांनी त्यांना परदेशी जाण्यास उत्तेजन दिले. शिष्यवृत्ती मिळवून त्या अमेरिकेतल्या बाल्टिमोर येथे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात डॉ. जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत शिकल्या. शरीराबाहेर, काचेच्या नळीत पेशी जिवंत ठेवून वाढवण्याचे तंत्र त्यांनी तेथे आत्मसात केले. याच प्रयोगशाळेत हेन्रिएटा लॅक्स नावाच्या एका गरीब कृष्णवर्णीय स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या पेशी वाढवल्या गेल्या. ती बाई ऑक्टोबर १९५१ मध्ये वारली. तिच्या पेशी हेला या नावाने आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढत आहेत. त्या घेताना तिला कुणी विचारले नव्हते आणि तिच्या मुलाबाळांना कित्येक वर्षे त्याचा पत्ताही नव्हता. बाईच्या आजाराविषयी सगळ्या जगाला कळावे आणि तिच्या घरालाच कळू नये, असेही घडते.

कमलताई परदेशी राहिल्या नाहीत. त्या मुंबईला परतल्या आणि खानोलकरांनी १९५२ साली उभ्या केलेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात रुजू झाल्या. ऊती वाढवण्याची, म्हणजे टिश्यू कल्चरची, देशातली पहिली प्रयोगशाळा त्यांनी तेथे उभी केली. पेशींना पोसणारी द्रावणे बाहेरून मागवत बसण्यापेक्षा ती येथेच तयार करावीत म्हणून त्यांनी जीवशास्त्र आणि रसायनशास्त्राची तरुण मंडळी हाताशी घेतली. कर्करोग कशाने होतो, पेशी कशी चालते, शरीर स्वतःचे रक्षण कसे करते, यांसाठी नवे विभाग काढले. रक्ताचा, स्तनाचा आणि अन्ननलिकेचा कर्करोग त्यांनी प्राण्यांवरून अभ्यासला. कुष्ठरोगाच्या जंतूंसारख्या जंतूंवर त्यांनी केलेले काम पुढे कुष्ठरोगाच्या लशीच्या प्रयत्नांना उपयोगी पडले. १९६६ ते १९७० या काळात त्या केंद्राच्या प्रभारी संचालिका होत्या. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले.

मात्र मला पदव्या आणि पुरस्कारांपेक्षा दोन गोष्टी अधिक मोलाच्या वाटतात. पहिली अशी की, १९७३ साली त्यांनी आपल्या अकरा सहकाऱ्यांसह भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन केली. एकटी पुढे जाणारी बाई पुष्कळ असते. मागच्यांसाठी दार उघडे ठेवणारी थोडी. दुसरी अशी की, निवृत्तीनंतर त्या खेड्यांत गेल्या. नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातल्या आदिवासी मुलांच्या पोषणाचा त्यांनी अभ्यास केला, आणि गावातल्याच बायकांना आरोग्यसेवेचे शिक्षण देण्याच्या कामात त्या राहिल्या. सूक्ष्मदर्शकाखाली दिसलेले ज्ञान शेवटी कुणाच्या तरी अंगणात पोचले पाहिजे, असे त्यांना वाटत असावे.

११ एप्रिल २००१ रोजी, वयाच्या ८३व्या वर्षी त्या गेल्या. मी तेव्हा जन्मलेही नव्हते. पण त्यांच्या डोळ्यांदेखत एक मोठी गोष्ट घडून गेली होती. १९९० साली मेरी-क्लेअर किंग या अमेरिकन शास्त्रज्ञ बाईंनी, ज्या घरांत स्तनाचा कर्करोग पिढ्यान् पिढ्या चालतो त्या घरांच्या वंशावळी तपासून, दोष सतराव्या गुणसूत्रावर आहे हे दाखवले. १९९४ मध्ये ते जनुक हाती आले. त्याचे नाव बीआरसीए-१. पुढच्याच वर्षी बीआरसीए-२ सापडले. ज्या आनुवंशिकतेचा माग मुंबईच्या प्रयोगशाळेत उंदरांच्या घराण्यांतून घेतला जात होता, तिचा माणसांतला पत्ता असा सापडला.

हे जनुक करते काय, हे मला माझ्या वडिलांनी समजावले, आणि त्यांना शास्त्रातले काही कळत नाही. ते पूर्वी सोलापूरला यंत्रमागावर होते. मी त्यांना सांगितले की पेशीतला धागा रोज तुटतो आणि हे जनुक तो जोडणारे आहे. ते लगेच म्हणाले की मग हा मागावरचा दोरा जोडणारा माणूस झाला. तो जागेवर नसेल तर एका तुटलेल्या दोऱ्याची रेघ साऱ्या कापडभर जाते. प्रत्येक पेशीत असे दोन जोडणारे असतात, एक आईकडून आलेला आणि एक वडिलांकडून. मावशीसारख्या बाईला त्यातला एक जन्मापासूनच कामाचा नसतो. दुसरा आहे तोवर काम चालते. एखाद्या पेशीत तोही बिघडला की कापड फाटू लागते. म्हणूनच दोष असला म्हणजे रोग होतोच असे नाही. पण धोका फार वाढतो. एरवी शंभर बायकांत साधारण एकीला जन्मभरात अंडाशयाचा कर्करोग होतो. बीआरसीए-१चा दोष असलेल्या शंभरांत तो चाळीसच्या आसपास स्त्रियांना होतो, आणि स्तनाचा कर्करोग साठांहून अधिक स्त्रियांना. आणखी काही जनुकांच्या दोषाने गर्भाशयाचा आणि मोठ्या आतड्याचा कर्करोग एकाच घराण्यात चालतो.

सगळेच तसे नसते, हेही सांगायला हवे. गर्भाशयमुखाचा कर्करोग प्रामुख्याने एका विषाणूने होतो, आईकडून मुलीकडे रक्तातून येत नाही. त्याला लस आहे, आणि रोग होण्याआधीची खूण तपासणीत सापडते. आपल्याच सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाने, टाटा स्मारक रुग्णालयाच्या आणि परदेशी तज्ज्ञांच्या साहाय्याने, शेजारच्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात १९९९पासून १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास केला. त्या विषाणूची एकदाच केलेली तपासणीही मृत्यू निम्म्यावर आणू शकते, असे त्यातून २००९ साली जगापुढे आले. आमच्या शेजारच्या तालुक्यांतल्या, लुगडे नेसलेल्या बायकांनी जगाला ही गोष्ट शिकवली आहे. अंडाशयासाठी मात्र अशी भरवशाची तपासणी अजून नाही. म्हणून दोष सापडलेल्या स्त्रीला, मुले झाल्यावर, साधारण पस्तीस ते चाळीसच्या दरम्यान अंडाशये आणि नलिका काढून टाकण्याचा सल्ला देतात. सल्ला कठीण आहे. पण तो घेण्यासाठी आधी दोष आहे का हे माहीत असावे लागते.

भित्तिपत्रकावरचा माझा लेख दोन दिवस राहिला आणि मग दुसरे कागद त्यावर लागले. माझ्या मनातून मात्र ते उंदीर जाईनात. उन्हाळ्याच्या सुटीत मी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर आमची वंशावळ काढायला बसले. तज्ज्ञ काढतात तशी: बायकांना वर्तुळ, पुरुषांना चौकोन, आजारी असतील ते काळे. अज्जी काळी, तिची बहीण काळी, मावशी काळी. तेव्हा एक गोष्ट डोळ्यांत भरली. हा दोष मुलग्यांकडूनही पुढे जातो. म्हणजे माझा मामा, ज्याला आयुष्यात कधी काही झाले नाही, त्याच्या चौकोनातूनही तो त्याच्या मुलींकडे जाऊ शकतो. बायकांचा आजार म्हणून ज्याच्याकडे आम्ही पाहिलेच नाही, तो मामा त्या कागदावर सर्वांच्या मधोमध उभा होता.

आमच्याकडे मामाच्या घरी मुलगी देण्याची रीत आहे. माझ्याविषयीही तसे बोलणे चालले होते. मी तो कागद अव्वापुढे ठेवला आणि एवढेच म्हटले, की या घरातला आणि त्या घरातला दोरा एकच आहे. दोन्हीकडून एकच दोष एका लेकराकडे येऊ नये. खोटे कशाला बोलू, बी.ए. पूर्ण करायचे होते हेही माझे कारण होतेच. अव्वाला लिहितावाचता येत नाही. ती बराच वेळ त्या वर्तुळांकडे पाहत राहिली. मग स्वतःच्या वर्तुळावर बोट ठेवून तिने विचारले, की हे काळे का नाही केले? मी सांगितले, की ते अजून कुणालाच माहीत नाही.

त्यानंतर आठवड्याने तिने पेटीतला तो कागद काढला. मावशीने मामाला बोलावून घेतले आणि जे दवाखान्यात लाजेने लपवले होते ते स्वतःच्या तोंडाने सांगितले. मामा रागावला, मग दोन दिवस आलाच नाही, मग आला. हे सगळे मी मावशीला आणि अव्वाला विचारूनच येथे लिहिते आहे. हेन्रिएटाच्या घरी जे झाले ते आमच्या घरी होऊ नये, असे मला वाटते.

थोरांची चरित्रे वाचून आपणही थोर व्हावे, असे सांगण्याची पद्धत आहे. मी कमल रणदिवे होणार नाही, मला बी.ए. करून शिक्षिका व्हायचे आहे. त्यांच्या चरित्रातून मी एवढेच घेतले की, घराण्यात जे चालत आले आहे त्याकडे डोळे उघडून पाहावे, ते कागदावर मांडावे, आणि ज्याला त्याची गरज आहे त्याला सांगावे. त्यांनी ते उंदरांच्या पिढ्यांसाठी कितीतरी वर्षे केले. आपल्याला आपल्या एका घरापुरते करता येईल.

गेल्या महिन्यात अव्वाने रक्त दिले. हा लेख संपादकांकडे देईपर्यंत अहवाल आलेला नाही. कॅलेंडरचा तो कागद आता पेटीत नाही, देवळीत आहे. अव्वाचे वर्तुळ अजून कोरे आहे. आणि त्याच्या खाली एक लहान वर्तुळ आहे, ते माझे.